दोन महायुद्धांमधला पोलंड : पाळी सुटल्यानंतरच्या गोष्टी

उत्तरा_क

कातोवित्सेला राहायला आल्यापासून इथल्या जुन्या कामगार वस्त्यांबद्दल मिळेल ते वाचत असते, जुन्याजाणत्या माणसांना विचारत असते. कोळसा किती निघाला, संप कधी झाले, मालक कोण होते, यावर ढीगभर लिहिलेलं सापडतं. पण पाळी सुटल्यावर माणूस काय करायचा? रविवारी दुपारी वस्तीत कसले आवाज यायचे? मला त्यातच जास्त रस आहे, म्हणून हा धागा काढला. तुमच्याकडे भर घालण्यासारखं असेल तर जरूर घाला.

आधी थोडी पार्श्वभूमी. नोव्हेंबर १९१८ मध्ये पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला, पण अप्पर सायलेशिया हा कोळशाचा आणि पोलादाचा पट्टा पोलंडचा की जर्मनीचा, हे ठरायला आणखी साडेतीन वर्षं गेली. तीन उठाव झाले, २० मार्च १९२१ ला सार्वमत झालं आणि १९२२ च्या उन्हाळ्यात पट्ट्याची वाटणी झाली. कातोवित्से आणि पूर्वेकडच्या बहुतेक खाणी पोलंडकडे आल्या, बितोम आणि ग्लिवित्से जर्मनीत राहिली. नवी हद्द दाट वस्तीतून गेली. राहायला एका देशात आणि कामाला दुसऱ्या देशात, अशी हजारो माणसं होती. जिनिव्हा करारानुसार त्यांना सीमा ओलांडायची खास कार्डं मिळाली. त्याच कार्डावर माणसं पलीकडे बाजाराला आणि सिनेमालाही जाऊन येत.

आता वस्ती. कातोवित्सेच्या कडेला निकिशोव्हिएत्स आहे, गीशे कंपनीने आपल्या खाणकामगारांसाठी बांधलेली. काम १९०८ ला सुरू झालं. आराखडा गेओर्ग आणि एमिल त्सिलमान या चुलतभावांचा. लाल विटांच्या तीन मजली इमारतींचे नऊ मोठे चौक, चौकांना जोडणाऱ्या कमानी, साधारण हजार घरं, एकेक घर ६३ चौरस मीटरच्या आसपास. मधोमध सेंट अ‍ॅनचं चर्च. ते १९१४ ला बांधायला घेतलं, युद्धात काम रखडलं आणि १९२७ ला पुरं झालं. शेजारचं गिशोव्हिएत्स त्याच दोघांचं, पण तिथे बैठी घरं, प्रत्येकाला बाग. दोन्ही वस्त्या शोपिएनित्सेशी जोडणारी एक छोटी रेल्वे होती, तिला लोक ‘बाल्कन’ म्हणत. तिला तिकीटच नव्हतं. पोरं उगाच चढायची, एक फेरी मारून परत यायची. या भागातल्या म्हाताऱ्यांशी बोलायला बसलं की बाल्कनचा विषय निघतोच निघतो.

मला सगळ्यात ओढ वाटते ती चौकांच्या आतल्या अंगणांची. तिथे डुकरं-शेळ्या-कोंबड्यांचे गोठे होते, कोळसा ठेवायच्या खोपी होत्या आणि पाव भाजायची सामाईक भट्टी होती. पीठ घरी मळायचं, टोपल्यांतून खाली आणायचं, आपली पाळी येईपर्यंत भट्टीपाशी उभं राहायचं. आता उभं राहायचं म्हटल्यावर बोलणं आलंच. लग्न ठरलं की कोवोच नावाचा मोठा चपटा केक भाजायचा. एक चक्क्याचा, एक खसखशीचा, एक वरून नुसता लोण्या-साखरेचा चुरा घातलेला. लग्नाआधी त्याचे तुकडे बांधून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवायचे. कोणाकडे पाठवला, कोणाला वगळलं, हे अंगणात सगळ्यांना कळायचं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या दारात जुनी क्रोकरी फोडायचा कार्यक्रम असायचा, त्याला तर आमंत्रणही लागत नसे.

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस ४ डिसेंबर. सेंट बार्बरा ही खाणकामगारांची रक्षणकर्ती, म्हणून या दिवसाला बार्बुर्का म्हणतात. पहाटे अंधारातच खाणीचा ब्रास बँड निघतो आणि चौकाचौकातून वाजवत लोकांना उठवतो. मग काळा गणवेश, टोपीवर पिसांचा तुरा, चर्चमध्ये मिसा आणि त्यानंतर जेवण, बिअर, नाच. बँडची वाद्यं खाणीची, वाजवणारे खाणीतले. आठवडाभर जमिनीखाली काम करणारा माणूस तालमीला वेळ काढायचा, स्वरलिपी वाचायला शिकायचा, आणि त्याचा मुलगा त्याच बँडमध्ये पुढे उभा राहायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे की या फावल्या वेळावर तेव्हा सगळ्यांचा डोळा होता: कंपनीचा, चर्चचा, पक्षांचा आणि दोन्ही राष्ट्रांचा. लोकांनी प्रत्येकाकडून हवं ते घेतलं, वाद्यं खाणीची, दिवाणखाना चर्चचा, मैदान पक्षाचं. पण खरा मोकळा वेळ त्यांनी अंगणात घालवला, जिथे कोणाची सभासदपावती लागत नव्हती.

रानजाई

फार सुंदर. अंगणातली भट्टी डोळ्यांसमोर उभी राहिली. पण मला एक विचारायचंय. बँड पुरुषांचा, गणवेश पुरुषांचा, खाण पुरुषांची. बायकांच्या वाट्याला फावला वेळ म्हणून काय होतं?

उत्तरा_क

रानजाई, प्रश्न अगदी बरोबर जागी आला. सायलेशियात लग्न झालेली बाई सहसा बाहेर कामाला जात नसे. पण घरचं काम म्हणजे काय होतं ते बघा. काजळी इतकी की खिडक्या आणि पडदे सतत धुवावे लागत. निकिशोव्हिएत्समध्ये खिडक्यांच्या कडा लाल रंगवलेल्या आहेत, त्या स्वच्छ दिसल्या पाहिजेत हा घराच्या इज्जतीचा प्रश्न. नवरा आणि मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांना असले तर दिवसातून तीनदा जेवण गरम करायचं. वस्तीला सामाईक धुलाईघर होतं आणि चादरी पिळून-दाबून सपाट करायचं मोठं रूळयंत्र होतं, माग्येल म्हणतात त्याला. ते काम एकटीने होत नाही, दोघी-तिघी लागतात. मग हात कामात आणि तोंडाने वस्तीभरच्या बातम्या.

दुपारनंतर खिडकीच्या कठड्यावर उशी ठेवायची, त्यावर कोपर टेकायचे आणि खाली अंगण बघत बसायचं. याला कोणी रिकामपण म्हणो, पण अंगणातल्या सगळ्या पोरांवर यामुळे दहा जणींचं लक्ष असायचं.

आणि एक दिवस पूर्ण त्यांचा. ईस्टरआधीचे उपवास सुरू व्हायच्या आधीच्या दिवसांत ‘बाब्स्की त्सोंबेर’ असतो. फक्त बायकांचा मेळावा, पुरुषांना मज्जाव. बायका सोंगं आणतात, कोणी पाद्री होते, कोणी मुकादम, कोणी स्वतःचा नवरा. गाणी चावट असतात. ही प्रथा आजही जोरात आहे.

फुटबॉलवेडा

सायलेशिया आणि दोन महायुद्धांमधला काळ, आणि अजून रूखचं नाव नाही! हे मी लिहिणारच.

व्हिएल्किए हायदुकी हे पोलाद कारखान्याभोवतीचं गाव, आज खोजूवचा भाग. तिथे १९२० मध्ये रूख क्लब निघाला. पोलंडची लीग १९२७ ला सुरू झाली, आणि मग १९३३, ३४, ३५, ३६ अशी सलग चार वर्षं विजेतेपद, १९३८ ला पाचवं. वॉर्सा, क्राकुफ, ल्वूफ ही विद्यापीठांची आणि अधिकाऱ्यांची मोठी शहरं, आणि त्यांना धूळ चारणारा संघ कारखान्याच्या धुराड्याखालचा. १९३५ ला त्यांना स्वतःचं नवं स्टेडियमही मिळालं.

पुढच्या फळीत तिघे होते: तेओदोर पेतेरेक, गेरार्ड वोदाश आणि एर्नेस्ट विलिमोव्स्की. विलिमोव्स्कीचा जन्म १९१६ चा, कातोवित्सेचा, लाल केसांचा. उजव्या पायाला सहा बोटं होती त्याच्या. ५ जून १९३८ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला पोलंड आपला पहिला विश्वचषक सामना खेळला, समोर ब्राझील. जादा वेळेपर्यंत गेलेला हा सामना ब्राझीलने ६-५ जिंकला. पोलंडच्या पाचांपैकी चार गोल विलिमोव्स्कीचे, आणि पाचवा ज्या पेनल्टीवर झाला ती पेनल्टीही त्यानेच मिळवून दिलेली. २१ मे १९३९ ला रूखने वूचच्या युनिऑन-टुरिंगला १२-१ हरवलं, त्यातले दहा गोल एकट्याचे. रूख त्या हंगामात आघाडीवर होता, पण सप्टेंबरमध्ये युद्ध आलं आणि लीग तिथेच संपली.

ही पोरं घडली ती अंगणातच. चिंध्यांचा चेंडू, दोन दगडांचा गोल. जागा चिंचोळी असल्यामुळे चेंडू पायाशी चिकटवून ठेवायची सवय लागायची. विलिमोव्स्कीच्या ड्रिब्लिंगचं सगळे जे कौतुक करतात त्याचं मूळ मला तिथेच दिसतं.

जुनीपाने

धागा चांगला चाललाय. पण थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण वाचताना सगळं फार गोड वाटायला लागलंय.

पहिली गोष्ट, दुफळी. १९२२ नंतरच्या पोलिश सायलेशियात प्रत्येक गोष्ट दोन-दोन होती. पोलिश गायनमंडळ आणि जर्मन गायनमंडळ, पोलिश वाचनालय आणि जर्मन वाचनालय. पोलिश व्यायामशाळा ‘सोकूव’ची, तर जर्मनांच्या आपल्या वेगळ्या. फुटबॉलवेडा यांनी विलिमोव्स्कीबद्दल लिहिलं, पण तो रूखला येण्याआधी १. एफसी कातोवित्समध्ये खेळायचा, आणि तो जर्मन क्लब होता. १९२७ च्या पहिल्या लीगमध्ये हा क्लब दुसरा आला. विस्वा क्राकुफशी त्यांचा निर्णायक सामना हा खेळ कमी आणि दोन राष्ट्रांची कुस्ती जास्त होती. १९२६ पासून प्रांताचे राज्यपाल होते मिखाऊ ग्राझिन्स्की. त्यांच्या राज्यात मूल कोणत्या शाळेत जातं, बाप कोणत्या क्लबात बसतो, याला राजकीय अर्थ होता. त्याचा परिणाम नोकरीवरही व्हायचा. ज्या कोर्फांतींनी सायलेशिया पोलंडला मिळवून देण्यासाठी उठाव उभा केला, त्यांनाही या राजवटीने तुरुंगात टाकलं आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. तेव्हा अंगणात सभासदपावती लागत नव्हती हे खरं, पण अंगणातून बाहेर पाऊल टाकलं की लागत होती.

दुसरी गोष्ट, बेकारी. १९२९ नंतरच्या मंदीत खाणी बंद पडल्या, उरलेल्यांत आठवड्यातले काही दिवसच काम मिळू लागलं. तेव्हा माणसांच्या हातात वेळच वेळ होता, पण त्याला फावला वेळ म्हणवत नाही. बेकार खाणकामगार जिथे कोळशाचा थर जमिनीजवळ आहे तिथे स्वतःच विहिरीसारखे खड्डे खणू लागले. त्यांना ‘बिएदाशिबी’, म्हणजे गरिबांच्या खाणी, म्हणत. एक माणूस आत उतरायचा, वरचे दोघे हाताने रहाट फिरवून बादली ओढायचे. आधाराला लाकूड नाही, हवेची सोय नाही. खड्डे ढासळून माणसं गाडली जायची, विषारी वायूने गुदमरायची. पोलीस येऊन हे खड्डे सुरुंग लावून उडवायचे आणि लोक शेजारी नवे खणायचे. त्यात बायका होत्या, शाळकरी पोरं होती. ‘विश्रांतीचा काळ’ म्हणून लिहिताना हेही लिहिलं पाहिजे.

उत्तरा_क

जुनीपाने, मनापासून आभार. हे इथे यायलाच हवं होतं. बिएदाशिबींबद्दल एक जोडते. वॉर्साच्या सामाजिक अर्थशास्त्र संस्थेने, लुद्विक क्शिवित्स्की यांच्या संस्थेने, १९३१ च्या सुमारास बेकारांना आपलं आयुष्य लिहून पाठवायचं आवाहन केलं होतं, आणि शेकड्यांनी वह्या आल्या. ज्या माणसांनी कधी पत्रापलीकडे काही लिहिलं नव्हतं त्यांनी लिहिलं. माझ्या मते त्या काळाचा याहून खरा दस्तऐवज नाही. रिकाम्या दिवसाचं काय करायचं, हा त्यातला सारखा येणारा प्रश्न आहे. सकाळी उठून तयार व्हायचं कशासाठी? क्लबाची वर्गणी भरता येत नाही म्हणून मित्रांत जायचं टाळायचं. म्हणजे पगार थांबला की करमणूकही थांबते, आणि माणूस एकटा पडतो.

दुफळीबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. संस्था दोन-दोन होत्या हे मान्य. पण माणसं तितकी स्वच्छ वाटलेली नव्हती. एकाच घरात एक भाऊ पोलिश बाजूने उठावात लढलेला आणि दुसऱ्याने सार्वमतात जर्मनीला मत दिलेलं, अशी उदाहरणं या भागात घरोघर ऐकायला मिळतात. घरात बोली दोघांचीही सायलेशियनच. रविवारच्या ताटातही दोघांना तेच: बटाट्याच्या पिठाच्या, मध्ये बोटाने खळगा पाडलेल्या गोळ्या, मांसाचा रोल आणि जांभळा कोबी. तो खळगा रस्सा साठायला असतो, हे मला शेजारच्या आजींनी करून दाखवलं.

शेवंता

बायका आणि बँड झाले, आता म्हाताऱ्यांचं सांगा. पेन्शनीतले खाणकामगार दिवसभर काय करायचे? माझे आजोबा गिरणीतून निवृत्त झाल्यावर वर्षभर घरात नुसते येरझारा घालत होते, म्हणून विचारतेय.

उत्तरा_क

शेवंता, कबुतरं! आणि पत्ते.

पत्त्यांत ‘श्काट’. तिघांचा खेळ, ३२ पानांचा, बोली लावायची आणि एकाने दोघांविरुद्ध खेळायचं. जर्मनीतून आलेला खेळ, पण पोलिश-जर्मन सगळ्यांचा.

कबुतरांचं जरा सविस्तर सांगते, कारण मला स्वतःला त्यातली हुशारी फार आवडली. माळ्यावर किंवा अंगणातल्या खोपीवर कबुतरखाना. शर्यतीच्या आधी प्रत्येक पक्ष्याच्या पायात रबराची कडी घालायची. मग टोपल्या भरून पक्षी रेल्वेने दूरच्या एखाद्या गावी पाठवायचे आणि तिथे ठरलेल्या वेळी सगळे एकदम सोडायचे. इकडे मालक आकाशाकडे डोळे लावून बसलेला. पक्षी आला की पुरत नाही, तो आत शिरला पाहिजे. मग त्याच्या पायातली कडी काढून एका मोहोरबंद घड्याळात टाकायची, म्हणजे वेळ नोंदली जाते. पक्षी छतावर बसून राहिला आणि आत येईना, तर मिनिटं जात राहतात आणि मालकाचा जीव खालीवर. प्रत्येकाचा कबुतरखाना वेगळ्या अंतरावर, त्यामुळे आधी कोण पोचला यावर निकाल लागत नाही. अंतर भागिले वेळ, असा वेग काढून लागतो. म्हणजे रविवारी दुपारी मंडळात बसून ही माणसं तासन्‌तास गणितं करत असायची.

जन्मभर अंधारात काम केलेल्या माणसांनी आकाशाकडे बघायचा छंद लावून घेतला, याचं मला काही केल्या नवल वाटायचं थांबत नाही.

इचलकरंजीकर

धागा उशिरा पाहिला. मी टेक्स्टाइलमधला माणूस, कामानिमित्त वूचला बऱ्याचदा जाणं झालं, त्यामुळे कापडाच्या बाजूने लिहितो. कोळशाच्या गावापेक्षा हे चित्र पुष्कळ वेगळं आहे.

वूच म्हणजे पोलंडमधलं तेव्हाचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. १९३१ च्या जनगणनेत सहा लाखांवर वस्ती. त्यात जवळजवळ एक तृतीयांश ज्यू, साधारण दहावा हिस्सा जर्मन, बाकी पोलिश. निकिशोव्हिएत्ससारखी नेटकी वस्ती इथेही होती, शाइब्लर कुटुंबाने १९ व्या शतकात बांधलेली क्शेंझी म्विन: विटांची कामगारघरं, शाळा, दवाखाना, दुकान आणि समोर गिरणी. पण अशा वस्तीत जागा मिळाली ते थोडे. बहुतेक कामगार कुटुंबं एका खोलीत राहायची, पाणी अंगणातल्या पंपाचं. शहरात मलनिस्सारणाचं कामच १९२५ ला सुरू झालं. आणि इथे बायका गिरणीत होत्या, मोठ्या संख्येने. म्हणजे खिडकीत उशी टेकून बसायला वेळ कोणाला? एका खोलीत पाच-सहा माणसं असल्यावर मोकळा वेळ घराबाहेरच जाणार: रस्त्यावर, इमारतीच्या कमानीखाली, बागेत, सिनेमात.

या वेळेला कायद्याचं पाठबळ होतं, हे महत्त्वाचं. पोलंड स्वतंत्र होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तोच, २३ नोव्हेंबर १९१८ ला, आठ तासांच्या दिवसाचा हुकूम निघाला. १९१९ च्या कायद्याने आठवडा ४६ तासांचा केला, शनिवारी सहाच तास. १६ मे १९२२ चा कायदा तर पगारी रजेचा: वर्षभर काम केलेल्या कामगाराला आठ दिवस, तीन वर्षांनंतर पंधरा दिवस. फ्रान्समध्ये कामगारांना पगारी रजा मिळाली १९३६ ला, त्याच्या आधी चौदा वर्षं हे इथे झालं. पुढे मंदीत १९३३ ला आठवडा ४८ तासांवर नेला. मंदीने आधी पगार खाल्ला आणि मग शनिवारची दुपार.

रविवारी लोक ट्रामने बाहेर पडायचे. वूचहून आसपासच्या गावांना ट्राम जायच्या, झ्गिएश आणि पाब्यानित्सेला तर १९०१ पासूनच. रुदा पाब्यानित्स्काला तळी होती, तिथे पोहायचं, होडी चालवायची, डबा खायचा. शहरात हेलेनूफची बाग होती, बिअरवाल्या आन्श्टाट कुटुंबाची. तिच्यात सायकल शर्यतींचा ट्रॅक होता.

क्लब भरपूर. १९२२ ला विजेव क्लब नव्याने उभा राहिला तेव्हा ‘कामगार क्रीडा संघ’ हे शब्द नावातच घेतले. ज्यूंचा हाकोआह, जर्मनांचा युनिऑन-टुरिंग, ज्याला वर फुटबॉलवेडांनी १२-१ ने हरवलं! समाजवादी पक्षाच्या वर्तुळातून १९२३ ला कामगार विद्यापीठ सोसायटी निघाली, तिची व्याख्यानं, वाचनालयं, नाटकं, सहली. ज्यू कामगारांच्या बुंद पक्षाची स्वतःची क्रीडा संघटना, मोर्गनश्टेर्न. सिनेमाचं तर हे गावच. पुढे पोलिश पडद्यावर गाजलेला एउगेनिउश बोदो लहानाचा मोठा इथे झाला, त्याचे वडील उरानिया नावाचं थिएटर चालवत.

नगरपालिकेबद्दल मला विशेष आदर आहे. १९१९ ला सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं, पोलंडमध्ये सगळ्यांच्या आधी. तेव्हाचे महापौर अलेक्सी झेव्स्की स्वतः विणकर होते. समाजवादी नगरपालिकेने १९२८ ते ३१ दरम्यान मोंतवीव-मिरेत्स्की वसाहत बांधली, मोकळी हवा, न्हाणीघरं, शेजारी मोठी बाग. बांधली कामगारांसाठी, पण भाडं इतकं झालं की राहायला आले शिक्षक आणि कारकून. हे वाचून वाईट वाटतं, कारण हेतू खरा होता.

ओवी

इचलकरंजीकर, वूचच्या आधुनिक चित्रकलेच्या संग्रहाबद्दल लिहाल का? तो याच काळातला ना?

इचलकरंजीकर

हो, बरी आठवण केलीत. व्वादिस्वाव स्त्शेमिन्स्की हा चित्रकार, पहिल्या महायुद्धात एक हात आणि एक पाय गमावलेला. तो आणि त्याची बायको, शिल्पकार काताझिना कोब्रो, यांनी मित्रांना घेऊन युरोपभरच्या चित्रकारांकडे चित्रं मागितली. लोकांनी ती भेट म्हणून दिली, आणि १५ फेब्रुवारी १९३१ ला ती शहराच्या संग्रहालयात लोकांसाठी खुली झाली. धुरकट गिरणगावात, नगरपालिकेच्या जागेत, त्या वेळचं युरोपातलं सगळ्यात नवं काम. स्त्शेमिन्स्की पोटापाण्यासाठी छपाई कामगारांच्या शाळेत शिकवायचा. तिथल्या विद्यार्थ्यांनी छापलेल्या पुस्तिका पाहा, अक्षरांची मांडणी आजही ताजी वाटते. एक उत्तम शिक्षक दिवसभर काम करून आलेल्या पोरांना संध्याकाळी आपलं सगळ्यात चांगलं देत होता. ही या धाग्यात बसणारीच गोष्ट आहे.

उत्तरा_क

इचलकरंजीकर, तुमच्या प्रतिसादाने धागा दुप्पट मोठा झाला, आणि चांगल्या अर्थाने! त्यावरून एक दुवा जोडावासा वाटतो.

४ डिसेंबर १९२७ ला, बार्बुर्काच्याच दिवशी, पोलिश रेडिओचं कातोवित्से केंद्र सुरू झालं. प्रक्षेपक ताकदवान होता आणि वस्ती जवळ, त्यामुळे साध्या क्रिस्टल सेटवर आवाज यायचा. त्याला ना वीज, ना बॅटरी, फक्त लांब तार आणि कानाला लावायचे श्रवणक. एकच जोड असला तर एक कान बापाचा, एक मुलाचा. काही घरांत श्रवणक काचेच्या वाडग्यात ठेवायचे, म्हणजे आवाज घुमून सगळ्यांना थोडाथोडा ऐकू यायचा. सगळ्यांनी गप्प बसायचं ही अट.

या केंद्राचा लाडका माणूस स्तानिस्वाव लिगोन, चित्रकार, सार्वमताच्या काळात ‘कोत्सिंदेर’ या विनोदी पत्राचा संपादक. रेडिओवर तो ‘कोत्सिंदेरचा कार्लिक’ झाला आणि थेट सायलेशियन बोलीत गोष्टी सांगू लागला. १९३४ पासून तो केंद्राचा संचालकही होता. शाळेत जी बोली बोललं की मास्तर दुरुस्त करायचे, ती रविवारी रेडिओतून यायची, सन्मानाने, आणि लोक पोट धरून हसायचे.

त्याच १९२७ मध्ये तिकडे वूचला कवी मोइशे ब्रोडेरझोन यांनी ‘आरारात’ हे छोटेखानी यिडिश रंगमंच सुरू केलं. त्यातून जिगान आणि शुमाखर ही जोडी पुढे आली. ते नाटकी, घासूनपुसून घेतलेली यिडिश बोलत नव्हते, तर वूचच्या गल्लीतली, विणकरांची, हमालांची यिडिश बोलायचे. दोन वेगळी गावं, दोन वेगळे समाज, एकमेकांना ऐकूही न येणारे. पण एकाच वर्षी दोन्हीकडे कष्टकरी माणसाची घरातली बोली मंचावर आणि हवेत आली. जुनीपाने यांच्या दुफळीच्या मुद्द्यावर माझं उत्तर हेच आहे. राष्ट्रांनी स्वच्छ, प्रमाण भाषेत भाषणं केली. लोक हसायला आणि रडायला आपल्या बोलीपाशी गेले.

जुनीपाने

हा जोड मला सुचला नव्हता. पटतंय. फक्त एक नोंद करून ठेवतो, आराराताचे बहुतेक प्रेक्षक पुढे वूचच्या घेट्टोत आणि छळछावण्यांत संपले. जिगान आणि शुमाखर सोव्हिएत बाजूला निसटल्यामुळे वाचले. आणि विलिमोव्स्की युद्धात जर्मनीकडून खेळला, त्यामुळे युद्धानंतरच्या पोलंडमध्ये त्याचं नावही घेतलं जात नसे. १९३९ पर्यंत ज्या गोष्टी क्लबाच्या पावतीपुरत्या होत्या, त्याच पुढे जगण्या-मरण्याच्या झाल्या.

रानजाई

जुनीपाने यांचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. पण विचारून टाकते, कारण मी कोल्हापूरची. आमच्याकडे वळिवडेला युद्धाच्या काळात पोलिश लोकांची छावणी होती, आजी त्यांच्याबद्दल सांगायची. ती माणसं याच खाणीच्या गावांतली होती का?

उत्तरा_क

नाही, रानजाई, बहुतेक नाही. वळिवडेला १९४३ ते ४८ दरम्यान जे राहिले ते मुख्यतः पोलंडच्या पूर्व सीमाभागातले. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना घरातून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं, पुढे सुटका झाल्यावर इराणमार्गे ती माणसं भारतात आली. त्यात सैनिकी वसाहतींतली शेतकरी कुटुंबं, वनखात्यातली माणसं, शिक्षक असे जास्त. सायलेशिया आणि वूच पश्चिमेकडे, तिथे जर्मन सैन्य आलं, तिथली कहाणी वेगळ्या वाटेने गेली.

पण एक गोष्ट सामायिक आहे. वळिवडेत शाळा, चर्च, बालवीर पथकं, नाटकं, लोकनृत्याचे गट लगेच उभे राहिले, कारण दोन महायुद्धांमधल्या पोलंडमध्ये हे सगळीकडेच होतं. खाण असो की खेडं, चार माणसं जमली की गायनमंडळ काढायचं आणि बालवीरांची तुकडी उभारायची ही त्या पिढीची रीत होती. तुमच्या आजीच्या आठवणी लिहून काढा, आणि त्यासाठी वेगळा धागा काढा. मी नक्की वाचेन.

फुटबॉलवेडा

आणखी एक भर. कातोवित्सेला १९३० मध्ये तोरकात नावाचं कृत्रिम बर्फाचं मैदान झालं, पोलंडमधलं पहिलं. थंडी पडो न पडो, स्केटिंग आणि हॉकी चालू. सायलेशियात आइस हॉकी इतकी का रुजली याचं एक कारण हे.

शेवंता

पुढच्या हिवाळ्यात मुलीकडे प्रागला जायचंय, तिथून कातोवित्से जवळ पडेल असं दिसतंय. निकिशोव्हिएत्समध्ये यातलं काही अजून बघायला मिळतं का? की सगळी कॅफे झालीत?

उत्तरा_क

मिळतं, शेवंता, भरपूर मिळतं. कॅफे झालीत, पण लोक अजून राहतात तिथे, त्यामुळे अंगणात शिरताना हळू बोलायचं आणि खिडक्यांत कॅमेरा घालायचा नाही. वर ज्या धुलाईघराबद्दल आणि माग्येलबद्दल लिहिलं, त्याच इमारतीत आता कातोवित्सेच्या इतिहास संग्रहालयाची शाखा आहे. कामगाराचं जुनं स्वयंपाकघर तिथे मांडून ठेवलंय, शेगडीपासून भरतकाम केलेल्या भिंतीवरच्या कापडापर्यंत. सेंट अ‍ॅनचं चर्च आतून बघाच. पोस्टाच्या इमारतीवर गुलाबांचं मोझेक आहे, ते नजरेतून सुटतं. गिशोव्हिएत्स मात्र नंतर बरंचसं पाडलं, उंच इमारती उभ्या राहिल्या, तरी थोडी जुनी घरं आणि झाडं शिल्लक आहेत. तिथे १९२६ नंतर अमेरिकन मालक आले तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यांसाठी बंगले आणि गोल्फचं मैदानही होतं.

तारीख तुमच्या हातात असेल तर ४ डिसेंबर धरा, आणि आदल्या रात्री वस्तीच्या जवळच मुक्काम करा. बँड पहाटे फार लवकर निघतो, कातोवित्से स्टेशनजवळच्या हॉटेलातून निघालात तर चुकेल. कानटोपी आणि जाड मोजे आणा. कधी येताय ते व्यक्तिगत निरोपाने कळवा, मी बरोबर येईन.